रताळे उपवासापुरतेच का?

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी यवतमाळच्या भाजीबाजारात रताळ्यांचे ढीग लागतात. शेजारी कवठं, बोरं, बेलाची पानं. आषाढी एकादशीला, श्रावणी सोमवारी, नवरात्रात हेच दृश्य. सण सरला की ढीग आटतो आणि रताळे एखाद्या टोपलीच्या कोपऱ्यात जाऊन बसते. एरवी कुणी अर्धा किलो मागितलेच, तर ‘आज उपास आहे का?’ हे विचारणे ठरलेले.

या सवयीमागे लोकांचे काही खरेखुरे प्रश्न आहेत. रताळे रोज खाल्ले तर चालते का? एवढे गोड, मग साखरेच्या रुग्णाने त्याला हात लावावा का? पोट भरते, पण अंगी लागते का? आणि कपाशी, सोयाबीन, तुरीच्या या जिल्ह्यात ते पिकेल का? या प्रकरणात एकेका प्रश्नाकडे वळू. आधी मात्र रताळ्याची थोडी ओळख करून घ्यायला हवी.

१. दूर देशचा कंद

उपवासाच्या ताटात साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे, हिरवी मिरची आणि रताळे हे पाच जिन्नस हमखास असतात. पाचांचेही मूळ अमेरिका खंडात आहे. साबुदाणा ज्या टॅपिओकाच्या कंदापासून बनतो, तोही तिकडचाच. पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर यातली बरीचशी पिके भारतात उतरली. इथल्या जुन्या धान्यांना उपवासात मनाई होती. या नव्या पिकांबद्दल जुना नियमच नव्हता, त्यामुळे ती सहज फराळात शिरली असावीत.

इतर देशांत रताळ्याला घर मिळाले ते भुकेच्या काळात. चीनच्या फूजियान प्रांतात १५९३ च्या सुमारास एका व्यापाऱ्याने लुझॉन बेटावरून रताळ्याचे वेल आणले. पुढच्याच वर्षी पीक बुडाले, तेव्हा तिथल्या प्रांताधिकाऱ्याने रताळ्याची लागवड करवून घेतली. जपानात १७३२ च्या दुष्काळानंतर आओकी कोन्यो या अभ्यासकाने सरकारी बागेत रताळ्याची प्रायोगिक लागवड केली आणि ते पूर्वेकडच्या प्रदेशांत पसरले. आज जगातल्या रताळ्यांपैकी निम्म्याच्या आसपास एकटा चीन पिकवतो. तिथे रताळे दुष्काळातला आधार म्हणून आले आणि रोजच्या जेवणात राहिले. आपल्याकडे त्याच्या वाट्याला पंचांगातल्या मोजक्या तिथी आल्या.

रताळ्याचे भाऊबंद मात्र यवतमाळकरांच्या चांगल्या ओळखीचे आहेत. नाल्याकाठी, बांधावर, तळ्याच्या कडेला माजणारी बेशरम रताळ्याच्याच कुळातली. दोघांची फिकट जांभळी, नरसाळ्याच्या आकाराची फुले शेजारी ठेवली तर नाते लगेच पटते. बेशरम विषारी आहे, शेळ्यांनाही ती बाधते. रताळ्याचा पाला मात्र शेळी आवडीने खाते आणि माणसालाही तो चालतो. त्याच्याकडे पुढे येऊच.

२. बटाट्याचा भाऊ नव्हे

बटाटा आणि रताळे बाजारात शेजारी बसतात, म्हणून ते एकाच जातीचे वाटतात. प्रत्यक्षात बटाटा म्हणजे जमिनीखाली फुगलेले खोड आहे. त्यावर डोळे असतात, उजेडात राहिला की तो हिरवा पडतो आणि तो हिरवा भाग खाण्यालायक राहत नाही. रताळे हे फुगलेले मूळ. पानांनी उन्हात तयार केलेले अन्न वेल त्यात साठवून ठेवतो. उजेडात ते बटाट्यासारखे विषारी होत नाही. साल पातळ असते. नीट घासून धुतली तर सालीसकट खाता येते आणि चोथ्याचा चांगला वाटा त्यामुळे पोटात जातो.

शंभर ग्रॅम कच्च्या रताळ्यात सुमारे ७० ग्रॅम पाणी, २४ ग्रॅमच्या आसपास पिष्ट व साखर, ४ ग्रॅमच्या जवळपास चोथा आणि जेमतेम दीड ग्रॅम प्रथिने असतात. पोटॅशियम भरपूर, शिवाय थोडे ‘क’ जीवनसत्त्व. साबुदाण्याशी तुलना केली म्हणजे या आकड्यांचा अर्थ कळतो. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात चोथा नाही, जीवनसत्त्वे नाहीत, प्रथिने नावापुरती. उपवासाच्या दिवशी दोनदा साबुदाण्याची खिचडी खाऊन ज्यांचे पोट दुसऱ्या दिवशी अडते, त्यांनी एक वेळ रताळ्याचा कीस करून पाहावा.

पण रताळ्याचे गुण गाताना त्याची उणीव लपवू नये. प्रथिने त्यात फारच थोडी असतात. नुसत्या रताळ्यावर लहान मूल वाढणार नाही. त्याला शेंगदाणे, डाळ, दूध, अंडे यांची जोड लागतेच. किसात शेंगदाण्याचे कूट घालण्याची आपली रीत या दृष्टीने फार शहाणपणाची आहे.

३. गोडवा कुठून येतो?

कच्चे रताळे चावून पाहिले तर ते फारसे गोड लागत नाही. तेच राखेत भाजले तर बोटांना चिकट पाक लागतो. मधल्या काळात साखर कुणी घातली?

उत्तर रताळ्यातच आहे. पिष्ट म्हणजे साखरेचे कण एकापुढे एक ओवलेली लांबच लांब माळ. माळ अख्खी असेपर्यंत जिभेला गोड लागत नाही. रताळ्यात एक पाचक द्रव्य असते, विकर म्हणतात त्याला. ते या माळेच्या टोकाकडून दोन-दोन मणी तोडत जाते. या जोडमण्याचे नाव माल्टोज. तो गोड असतो.

कच्च्या रताळ्यात पिष्टाचे दाणे घट्ट मिटलेले असतात, म्हणून विकराला माळेचे टोक सापडत नाही. उष्णता साधारण ६० अंश सेल्सिअसच्या वर गेली की दाणे फुगून उकलतात आणि काम सुरू होते. ८० अंशांच्या आसपास मात्र विकरच निकामी होते. म्हणजे गोडी तयार व्हायला मिळतो तो या दोन पायऱ्यांमधला वेळ. रताळे तिथून रमतगमत गेले तर खूप माल्टोज बनतो, धावत गेले तर थोडा.

घरी सहज पडताळता येईल असे आहे. एका आकाराची, एकाच ढिगातली दोन रताळी घ्यावीत. एक फोडी करून कुकरमध्ये शिजवावे. दुसरे अख्खे, चुलीतले निखारे बाजूला सारून गरम राखेत तासभर पुरून ठेवावे. दोन्हींची चव शेजारी घेतली तर फरक कळायला तज्ज्ञ लागत नाही. विदर्भात गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजतात. रोडगे निघाल्यावर उरलेल्या ऊबदार राखेत मूठभर रताळी दडपून द्यावीत; हवी तशी मंद आच तिथे आयती मिळते.

काढणीनंतर काही दिवस ठेवलेले रताळे ताज्यापेक्षा गोड लागते, तेही याच कारणाने. साठवणीतही थोडे पिष्ट हळूहळू साखरेत बदलत राहते.

४. साखर असलेल्यांनी काय करावे?

आता सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. एखादा पदार्थ खाल्ल्यावर रक्तातली साखर किती झपाट्याने चढते, हे मोजायला शास्त्रज्ञ ग्लायसेमिक इंडेक्स नावाची पट्टी वापरतात. शुद्ध ग्लुकोजला त्यात १०० गुण. जितके गुण कमी, तितकी साखर सावकाश चढते. जमैकातल्या संशोधकांनी दहा जातींच्या रताळ्यांवर केलेली तपासणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. उकडलेल्या रताळ्यांना ४१ ते ५० गुण मिळाले. भाजलेल्यांना ७९ ते ९३, भट्टीत शेकलेल्यांना ८२ ते ९४. तीच रताळी, फक्त शिजवण्याची रीत वेगळी.

मागच्या भागात पाहिलेल्या माळेची इथे आठवण ठेवावी. भाजताना ती जास्त तुटते, पाणीही उडून जाते. म्हणून भाजलेले रताळे जिभेला गोड आणि रक्ताला जड. तेव्हा साखर असलेल्यांनी उकडलेले, सालीसकट आणि बेताचे खावे. बेताचे म्हणजे किती? मध्यम आकाराचे, दीडशे ग्रॅमचे रताळे घेतले तर त्यातून सुमारे ३६ ग्रॅम कर्बोदके मिळतात. ५० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीतूनही जवळपास तेवढीच मिळतात. म्हणजे रताळे खायचे असेल त्या जेवणात एक भाकरी कमी करावी. भाकरी, भात आणि वर उपवासाचे म्हणून रताळे, असा हिशेब साखर वाढवणारच. गूळ-तुपात घोळवलेल्या रताळ्याच्या चकत्या हा सणाचा पदार्थ आहे आणि साखरेच्या रुग्णाने तो सणापुरताही जपूनच खावा.

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना पोटॅशियम मोजून खावे लागते आणि मुतखडा वारंवार होणाऱ्यांना ऑक्झलेटवर नजर ठेवावी लागते. रताळ्यात दोन्ही असतात. त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजचा बेत ठरवू नये.

५. पांढरा गर, केशरी गर

आपल्या बाजारात रताळी लाल सालीची येतात किंवा पांढऱ्या. सालीच्या रंगाला पोषणाच्या हिशेबात फारसे महत्त्व नाही. कापल्यावर आत काय दिसते ते पाहायचे. बहुतेक देशी रताळ्यांचा गर पांढरा किंवा फिकट पिवळसर असतो. काही जातींचा गर मात्र गाजरासारखा केशरी असतो. हा रंग बीटा-कॅरोटिनचा. शरीर त्यापासून ‘अ’ जीवनसत्त्व तयार करते. डोळ्यांना अंधारात दिसायला, लहान मुलांना जंतुसंसर्गाशी झुंजायला ते लागते.

अंगणवाडीत नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना दर सहा महिन्यांनी या जीवनसत्त्वाचा डोस पाजतात. रातांधळेपणा आणि अंधत्व टाळण्यासाठी ही मोहीम देशात १९७० पासून चालत आली आहे. तो डोस चुकवू नयेच. पण वर्षात दोनदा मिळणारा डोस आणि रोजच्या ताटातले अन्न यांत फरक आहे, आणि केशरी रताळे हा फरक स्वस्तात भरून काढू शकते.

केरळात तिरुवनंतपुरमजवळ श्रीकार्यम येथे १९६३ पासून केंद्रीय कंद पिके संशोधन संस्था काम करते. तिने दिलेल्या ‘भू सोना’ या केशरी वाणात शंभर ग्रॅमला सुमारे १४ मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिन असते. पांढऱ्या गरात ते नगण्य. तिचेच ‘भू कृष्णा’ हे वाण आतून गर्द जांभळे. जांभळाला रंग देणारे अँथोसायनिन त्यात विपुल आहे.

हिशेब मांडून पाहू. ६० ग्रॅम भू सोना, म्हणजे लहान रताळ्याची अर्धी फोड. त्यात ८.४ मिलिग्रॅम, म्हणजे ८,४०० मायक्रोग्रॅम बीटा-कॅरोटिन. शिजवताना पाव हिस्सा गेला असे धरू; उरले ६,३००. शरीराला एक भाग ‘अ’ जीवनसत्त्व बनवायला सुमारे १२ भाग बीटा-कॅरोटिन लागते. ६,३०० भागिले १२, म्हणजे ५२५. चार ते सहा वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज ५०० मायक्रोग्रॅमच्या आसपास आहे. अर्ध्या फोडीत गरज भागली.

एक अट आहे. बीटा-कॅरोटिन तेला-तुपाशिवाय शरीरात नीट शोषले जात नाही. उकडलेल्या फोडीवर चमचाभर तूप, किंवा सोबत मूठभर शेंगदाणे, एवढे पुरते.

आफ्रिकेत ही गोष्ट मोठ्या प्रमाणावर करून दाखवली गेली आहे. मोझांबिक आणि युगांडात लोक पांढरी रताळी खात होते आणि मुले ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावाने आजारी पडत होती. मारिया आंद्रादे आणि रॉबर्ट म्वांगा यांनी तिथल्या हवामानाला मानवणारी केशरी वाणे तयार केली, जॅन लो यांनी ती घरोघरच्या माउल्यांपर्यंत पोचवण्याची पद्धत बसवली. प्रचाराच्या गाड्यासुद्धा केशरी रंगाच्या होत्या. या तिघांना, पोषणसमृद्ध पिकांसाठी झटणाऱ्या हावर्थ बुईस यांच्यासह, २०१६ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्यांच्या यशातली शिकण्याजोगी बाब अशी की, त्यांनी लोकांना नवे अन्न खायला लावले नाही. जे रताळे ते खातच होते, त्याचा फक्त गर बदलला. उपवासाच्या निमित्ताने का होईना, रताळे यवतमाळच्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. हाच रस्ता इथेही मोकळा आहे.

६. तिखट-आंबटाची जोड

रताळे रोजच्या भाजीत बसत नाही, कारण ते गोड, ही गृहिणींची तक्रार रास्त आहे. उपाय गोडाला तोड देण्यात आहे. अंबाडीच्या आंबट भाजीत तुरीच्या डाळीसोबत रताळ्याच्या बारीक फोडी शिजवल्या, तर गूळ घालायची गरज उरत नाही. वांग्याच्या झणझणीत रश्श्यात बटाट्याऐवजी रताळे टाकले तर तिखट अंगावर येत नाही. फोडी मात्र शेवटच्या दहा-बारा मिनिटांतच घालाव्यात, नाहीतर त्यांचा लगदा होतो.

कीस करताना रताळे किसून लगेच पाण्यात टाकावे, म्हणजे काळे पडत नाही. मग पिळून तुपा-जिऱ्याच्या फोडणीवर, हिरवी मिरची आणि कूट घालून, झाकण ठेवून वाफ आणावी. वरून लिंबू पिळायला विसरू नये. पाण्यात बसलेला पांढरा गाळ फेकायचा नाही. तो रताळ्याचे पिष्टच आहे, थालीपिठात जाऊ द्यावा.

विदर्भात कोहळ्याची बोंडं सणावाराला होतात. त्याच पद्धतीने उकडलेल्या रताळ्याच्या गरात कणीक, वेलदोडा आणि थोडा गूळ मिसळून बोंडं घालता येतात. रताळ्याचा गर कोहळ्यापेक्षा कोरडा असल्याने पीठ सैल पडत नाही आणि तेलही कमी पितात. उकडलेला गर ज्वारीच्या पिठात मळून भाकरी थापली तर ती थंड झाल्यावरही मऊ राहते. डब्यात न्यायला आणि दात पडलेल्या म्हाताऱ्यांना ती सोयीची. सहा महिन्यांपुढच्या बाळाला तर उकडून कुस्करलेले रताळे, त्यात डाळीचे घट्ट पाणी आणि थेंबभर तूप, हे उत्तम पहिले अन्न आहे.

आणि पाला. वेलाचे कोवळे शेंडे व पाने चवळईसारखी लसणाच्या फोडणीवर परतावीत, मूठभर मूगडाळ घालावी. उन्हाळ्यात पालेभाज्या महागतात तेव्हा दारच्या वेलाचा हा आधार मोठा. कंद जमिनीत वाढत असताना अधूनमधून थोडाच पाला खुडावा. वेल ओरबाडला तर कंद पोसत नाहीत.

रताळी फ्रिजमध्ये ठेवू नयेत. थंडीने गर आतून कडक होतो आणि कितीही शिजवला तरी मऊ पडत नाही. हवेशीर टोपली बरी. एखादे रताळे कडू लागले, आत काळे बोगदे दिसले, तर ते किडीचे असते. ते अख्खे फेकावे. कुजलेली, बुरशी आलेली रताळी गाईम्हशींच्या पुढेही टाकू नयेत. त्यांतल्या द्रव्यांनी जनावरांच्या फुप्फुसांना इजा होते.

७. यवतमाळच्या मातीत

महाराष्ट्रात रताळ्याची नावाजलेली शिवारे दुसरीकडे आहेत. आषाढीला पुण्याच्या बाजारात करमाळा भागातून माल येतो. सीमेपलीकडे मराठी मुलखात, बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतल्या लाल मातीत, रताळे हे शेतकऱ्याचे हुकमी नगदी पीक आहे आणि ते पार उत्तर भारतात जाते. यवतमाळची ओळख पांढऱ्या सोन्याची.

जिल्ह्यातली भारी काळी जमीन रताळ्याला मानवत नाही, हे आधी स्पष्ट केलेले बरे. पावसात ती पाणी धरून ठेवते, वाळल्यावर आवळते. कंद वेडेवाकडे होतात आणि खोदताना तुटतात. पण जिल्हा काही सगळाच काळ्या मातीचा नाही. घाटंजी, केळापूर, मारेगाव, झरी जामणीकडच्या उतारांवर हलक्या, मुरमाड जमिनी आहेत. वर्धा आणि पैनगंगेच्या काठी पोयट्याचे पट्टे आहेत. निचऱ्याची अशी जमीन रताळ्याला आवडते. त्या भागातल्या कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, घरामागची चार हात जागासुद्धा पुरेशी आहे. खरे तर घराजवळच लावणे शहाणपणाचे, कारण रानडुकराला रताळ्याचा वास लांबून लागतो आणि टिपेश्वर अभयारण्याच्या आसपासच्या शेतकऱ्यांना त्याचा उपद्रव वेगळा सांगायला नको.

दहा फूट बाय दहा फुटांचा तुकडा घ्यावा. दोन-दोन फुटांवर वरंबे ओढावेत, त्यांवर वीतभर अंतराने वेलाचे तुकडे लावावेत. पाऊणशे तुकडे बसतात. साधारण देखभालीतही चौरस मीटरला किलोभर कंद धरले तर नऊ किलो रताळी निघतात. केशरी वाण असेल आणि मुलाला रोज ६० ग्रॅम द्यायचे असेल, तर घरातल्या दोन मुलांना अडीच महिने पुरते.

खर्च जवळजवळ नाही. युरियाचा हात मात्र आखडता हवा. नत्र जास्त झाले की वेल माजतो आणि कंद बोटभर राहतात. चुलीची राख चालते, तिच्यात पालाश असते. वेल जमिनीवर पसरून ठिकठिकाणी मुळे धरू लागला की उचलून उलटवावा, म्हणजे वाढीचे बळ मूळ कंदांकडे जाते. रताळ्याचा मोठा शत्रू म्हणजे सोंड्या भुंगा. तो मातीच्या भेगांतून कंदापर्यंत पोचतो. म्हणून भेगा पडल्या की माती चढवावी, आणि त्याच जागी पुन्हा रताळे घेऊ नये. गुलाबी बोंडअळीमुळे यवतमाळच्या शेतकऱ्याला कामगंध सापळे चांगले माहीत झाले आहेत; या भुंग्यासाठीही तसेच सापळे मिळतात. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन याच जिल्ह्यात अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ज्या जिल्ह्याने हे सोसले, तिथे फवारणीविना पदरात पडणाऱ्या अन्नपिकाची किंमत बाजारभावावरून ठरवू नये.

साडेतीन ते चार महिन्यांत पाने पिवळी पडू लागतात. एक कंद काढून आडवा कापावा. चीक लवकर वाळला आणि काप पांढरा राहिला तर पीक तयार. काप हिरवट-काळसर पडला तर अजून आठ-दहा दिवस थांबावे. काढलेले कंद चार-पाच दिवस सावलीत, उबेला पसरून ठेवले की खरचटलेल्या सालीवर नवा पापुद्रा धरतो आणि ते जास्त टिकतात.

रताळ्याला बी विकत आणावे लागत नाही. वेलाच्या शेंड्याकडचा वीतभर ते फूटभर लांब, तीन-चार डोळ्यांचा तुकडा हेच बेणे. पहिल्या वेळी ते कृषी विद्यापीठ, कृषी विज्ञान केंद्र किंवा कंद पिके संस्थेकडून खात्रीचे मिळवावे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे ‘कोकण अश्विनी’ हे महाराष्ट्रातच निघालेले वाण आहे. मुलांच्या पोषणासाठी लावायचे तर केशरी गराचेच मागावे. पुढे अडचण उरते ती यवतमाळच्या उन्हाळ्याची. मार्च ते जून वेल जगवायला चार-सहा वेल न्हाणीच्या सांडपाण्याजवळ, भिंतीच्या सावलीत लावून ठेवावेत. पहिल्या पावसापर्यंत त्यांना भरपूर शेंडे फुटलेले असतात. अंगणवाडीच्या परसबागेत असे दोन वाफे राखले, तर जूनमध्ये गावातल्या ज्या घराला हवे त्याला तिथून बेणे नेता येईल.